सहा नोव्हेंबर, दहा बेचाळीस

अंधेरी, मुंबई
१४ ऑक्टोबर १९८६

आप्पामामा, नमस्कार.

काम असल्याशिवाय मी पत्र लिहीत नाही असं तुम्ही म्हणता. हेही पत्र कामाचंच आहे, तेव्हा टोमणा पोचला असं समजा.

आमच्या कंपनीला तुमच्याच गावचं काम मिळालंय. तिथल्या मच्छीमार सोसायटीला पुढच्या वर्षाचं भरती-ओहोटीचं पुस्तक हवंय, तारखेनुसार, छापील. गणित करणारा प्रोग्राम मी लिहिते आहे. यंत्र सप्टेंबरातच आलं आणि काम अर्ध्याच्या पुढे गेलं. आता साहेबांच्या लक्षात आलं की आपण मुहूर्त केलाच नाही. मी बोलून गेले, माझे मामा पावसला शाळेत संस्कृत शिकवतात, पंचांगही बघतात. झालं! तेव्हा नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातला एक मुहूर्त मिनिटासकट पाठवा.

दिवसभर मी करते काय असं तुम्ही विचारलं होतंत. प्रोग्राम म्हणजे एक सलग पोथी नसते, वीसेक तुकडे असतात. प्रत्येक तुकडा मी माणसाला वाचता येईल असा लिहिते. मग त्याचं यंत्राला कळेल असं रूप बनवायचं आणि शेवटी सगळी रूपं जोडायची. दर वेळी सगळंच नव्याने करायचं तर तास जातो. म्हणून 'मेक' नावाचा एक मुकादम ठेवलाय. तो आत काय लिहिलंय ते वाचत नाही, फक्त तारखा बघतो. कुठल्या तुकड्याला शेवटचा हात कधी लागला ते यंत्र आपोआप टिपून ठेवतं. माझं लिखाण यंत्ररूपापेक्षा नवं दिसलं तर मुकादम तेवढा तुकडा पुन्हा करून घेतो. नाही तर 'सगळं ताजं आहे' म्हणतो आणि बसून राहतो.

आता म्हणा काय म्हणायचं ते.

तुमची
विमल


पावस
२२ ऑक्टोबर १९८६

चि. विमल,

आशीर्वाद आहेतच. मुहूर्त घे: गुरुवार, ६ नोव्हेंबर, सकाळी दहा वाजून बेचाळीस मिनिटं. साहेबांना सांग, मिनिट चुकवू नका. वास्तविक दहा एकोणचाळीसला आकाशात वेगळं काही घडत नाही, पण गोल आकडा दिला की लोकांना वाटतं मामांनी पंचांग उघडलंच नाही.

अर्ध्यावर आलेल्या कामाचा मुहूर्त मी प्रथमच काढला. बारसं मुंजीत करण्यासारखं आहे. असो.

तुझा मुकादम मला ओळखीचा वाटला. आमच्या घरात लोणच्याच्या बरण्यांवर तुझी मामी तारखेच्या चिठ्ठ्या चिकटवते, आणि मी झाकण न उघडता चिठ्ठी वाचून 'हे चांगलं आहे' असं सांगतो. शास्त्रात याला अनुमान म्हणतात. चाखून बघणं ते प्रत्यक्ष. आणि तिसरं शब्द, म्हणजे भरवशाच्या माणसाने सांगितलं म्हणून मानायचं. तुझा मुकादम अनुमानावर चालतो. वाईट नाही. निम्मं जग त्यावरच चालतं, उरलेलं निम्मं शब्दावर. चाखायला कुणाला वेळ आहे?

मात्र भरती-ओहोटीसाठी यंत्र कशाला हे मला कळलं नाही. इथलं शेंबडं पोरही तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतं. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, सहा वाजता भरती. पण सोसायटीला छापील हवंय. छापील म्हटलं की माणूस चष्मा पुसून बसतो.

आप्पा


अंधेरी
६ नोव्हेंबर १९८६

आप्पामामा,

झाला तुमचा मुहूर्त. साहेबांनी यंत्राला हार घातला, नारळ वाढवला. पाण्याचा थेंब कीबोर्डवर उडू नये म्हणून मी मध्ये रुमाल धरून उभी होते.

पण गंमत पुढे आहे. साहेबांनी पडद्यावर फायलींची यादी बघितली, तर तारखा सप्टेंबर-ऑक्टोबरच्या. म्हणाले, "हे काय! कामाची सुरुवात आजची दिसली पाहिजे. सगळ्यांवर मुहूर्ताची वेळ टाका." मी म्हटलं, सर, कशाला? म्हणाले, "तुमच्याच मामांनी काढलाय ना?"

'टच' नावाची एक आज्ञा असते. ती दिली की फाइलीच्या आतलं अक्षरही हलत नाही, फक्त वरची तारीख बदलते, आणि हवी ती देता येते. एका ओळीत सगळं आवरलं. माझं लिखाण, यंत्राची रूपं, जोडलेला प्रोग्राम, सगळ्यांवर सहा नोव्हेंबर, दहा बेचाळीस. पलटणीसारखं दिसत होतं, सगळे एका उंचीचे.

कालच एक जुनी चूक सापडली ते सांगायचं राहिलं. पंधरवड्यातून एखादा दिवस असा येतो की दुसरी भरती मध्यरात्र ओलांडून पुढच्या तारखेत जाते. त्या दिवशी माझा प्रोग्राम रकाने उलटे करायचा, भरतीच्या जागी ओहोटी. काल रात्री जाण्यापूर्वी दुरुस्त करून ठेवलं. उरलेलं काम मुकादमाचं.

विमल


पावस
१५ नोव्हेंबर १९८६

चि. विमल,

म्हणजे सगळ्या बरण्यांवर एकच चिठ्ठी लावलीस. तुझ्या मामीला वाचून दाखवलं. म्हणाली, "मग आधी कुठली संपवायची ते कसं कळणार?" बाई चौथी शिकलेली आहे, तेव्हा तिचं मनावर घेऊ नकोस.

एक काम. पुस्तक यायला उशीर आहे असं सोसायटीत कळलं. यंत्राने छापलेले पहिल्या तीन महिन्यांचे कागद मिळाले तर पाठव. काशीरामला द्यायचेत. काशीराम म्हणजे खालच्या वाडीतला, माझ्याबरोबर सातवीपर्यंत होता. बावीस वर्षं गिरणीत काढली. संपानंतर परत आला आणि या वर्षी बाबल्याबरोबर भागीत होडी घेतली. आता पन्नाशीत पाणी शिकतोय. भरती कधी हे बंदरावर विचारावं लागतं आणि पोरं हसतात. "गिरणीचा भोंगा झाला की भरती," म्हणतात. त्याला तिथी लक्षात राहत नाही, पण छापलेलं उत्तम वाचतो. गिरणीत जेवणाच्या सुट्टीत अख्ख्या खात्याला पेपर वाचून दाखवायचा, हे तो अजून दर भेटीत सांगतो.

आप्पा


अंधेरी
१० डिसेंबर १९८६

आप्पामामा,

जानेवारी ते मार्चचे कागद सोबत आहेत, आजच काढले. काढण्यापूर्वी मुकादमाला विचारलं. म्हणाला, सगळं ताजं आहे. कडेची भोकं फाडू नका, तशीच असतात. काशीरामकाकांना माझा नमस्कार.

विमल


पावस
२३ डिसेंबर १९८६

चि. विमल,

कागद दिले. काशीरामने हात धोतराला पुसून घेतले. म्हणाला, "मास्तर, ह्या मशीनवाल्या पोरीचे मामा तुम्ही?" मी म्हटलं, हो, यंत्राचाही मामाच लागतो. मुहूर्त माझा आहे.

देण्यापूर्वी मी एक दिवस तपासून बघितला हो. पौष शुद्ध अष्टमी. आठाची पाऊणपट सहा. तुझ्या यंत्रानेही सहाच्या आसपासच दिली आहे. शाबास.

बाबल्या पिढीजात कोळ्याचा. त्याने कागद उलटसुलट करून विचारलं, "ह्यात वारा कुठे लिवलाय?" काशीराम म्हणाला, "वाऱ्याचं तू बघ, पाण्याचं मी बघतो." होडी सध्या किनाऱ्यावर डागडुजीला आहे. संक्रांतीनंतर पाण्यात घालणार.

आप्पा


पावस
२४ जानेवारी १९८७

चि. विमल,

तुझी दोन पत्रं आली. उत्तर दिलं नाही. आंब्याला मोहोर चांगला आहे. शाळेत स्नेहसंमेलन झालं.

एक विचारायचं आहे. तुझ्या कागदावर १६ जानेवारीला, शुक्रवारी, भरती किती वाजता होती?

कारण सांगतो. त्या दिवशी पहाटे सहाला काशीराम आणि बाबल्या होडी घेऊन खाडीतून बाहेर निघाले. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे. भरतीला त्यावरून जाता येतं. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला तिथे गुडघाभर पाणी असतं, पंधरवड्यातलं सगळ्यात कमी. होडी दांड्यावर बसली आणि लाटेने आडवी झाली. बाबल्या पोहत आला. काशीराम दुपारी आला, भरतीने आणून टाकला. बारा वाजले होते. प्रतिपदा म्हणजे सोळावी तिथी, सोळाची पाऊणपट बारा. हे मला तिथे वाळूत उभा असताना आठवलं. आणखी काही आठवलं नाही.

बाबल्या म्हणतो, कागदावर सहाच होते. कागद काशीरामच्या खिशात होता, त्याचा लगदा झाला. त्याची दुसरी प्रत इथे कुणाकडे नाही. सोसायटीच्या कमिटीत मला घेतलंय, लिहिता येतं म्हणून. कमिटी म्हणते, यंत्र असं कसं सांगेल? एक तर काशीरामने चूक वाचलं, नाही तर बाबल्या स्वतःला वाचवतोय. मी म्हटलं, थांबा, विचारतो.

तुझी मामी बरी आहे.

आप्पा


अंधेरी
३१ जानेवारी १९८७

ती. आप्पामामा,

पत्र मिळालं. लगेच ऑफिसात जाऊन बघितलं. मी ती दुरुस्ती केली होती, मागे लिहिलंही होतं तुम्हाला. पडद्यावर पुन्हा उघडून ओळ न् ओळ वाचली. दुरुस्ती जागच्या जागी आहे. फाइलीवर तारीख सहा नोव्हेंबर, तुमचे कागद दहा डिसेंबरचे. म्हणजे दुरुस्ती आधीची, कागद नंतरचे. तेव्हा कागदावर भरती बाराचीच असणार. सहा वाजता ओहोटी आहे, शेजारच्याच रकान्यात. काशीरामकाकांची नजर चुकून त्या रकान्यात गेली असेल. बारीक अक्षर असतं, आणि पहाटेची वेळ.

मला फार वाईट वाटतंय. रकान्यांमध्ये जाड रेघ मारायला हवी होती.

विमल


पावस
९ फेब्रुवारी १९८७

चि. विमल,

पत्र मिळालं. कमिटीत वाचून दाखवलं. मुंबईहून आलेलं, कारण देऊन लिहिलेलं. सगळ्यांना पटलं. वहीत लिहिलं, 'काशीराम याने कोष्टक चुकीचे वाचल्याने, निष्काळजीपणामुळे अपघात.' अक्षर माझं आहे. खाली सहीही माझी.

बाबल्याला बोलावून सांगितलं. तो म्हणाला, "मला म्हायती होतं पानी नाय. मी बोललंव त्यास्नी. त्यांनी कागदावर बोट ठेवून दावलानी. मी म्हटलं, आपलंच चुकत आसंल, छापलेलं हाय." त्याला आता कुणी होडीवर घेत नाही. खोटं बोलतो म्हणतात.

गुणवंतीकडे, म्हणजे काशीरामच्या बायकोकडे, मीच गेलो. ती सुकट निवडत होती. मी सगळं सांगितलं. तिने होडीचं विचारलं नाही, भाग कुणाकडे राहील तेही नाही. एवढंच विचारलं, "म्हंजे त्यांनी चूक वाचलानी?" मी हो म्हटलं. ती पुन्हा निवडायला लागली. मी थोडा वेळ बसलो. मग चहा न घेता उठलो. तिने विचारलाच नव्हता, पण हेही लिहून ठेवतो.

वर्गात तर्काचा पाठ चालू आहे. पोरांना प्रत्यक्ष, अनुमान, शब्द सांगितलं. त्यांनी उतरवून घेतलं. शाई संपली म्हणून एकाने माझं पेन नेलं.

जाड रेघ मार.

आप्पा


अंधेरी
२ मार्च १९८७

ती. आप्पामामा,

तीन आठवडे लिहिलं नाही. त्यातले दोन मला काही माहीत नव्हतं, तिसऱ्यात माहीत होतं.

पुस्तक छापखान्यात पाठवायचं म्हणून मी सगळं कोष्टक पुन्हा काढलं. जाड रेघ मारून. १६ जानेवारीवर आपोआप नजर गेली. भरती, पाच पन्नास. ओहोटी, बारा पाच.

काशीरामकाकांनी बरोबर वाचलं होतं. बाबल्या खरं बोलतोय.

कसं झालं ते सांगते. पाच नोव्हेंबरला मी माझं लिखाण दुरुस्त केलं, पण यंत्ररूप जुनंच होतं, चुकीचं. ते दुसऱ्या दिवशी मुकादम करणार होता. लिखाण नवं, यंत्ररूप जुनं, एवढ्या एका फरकावर त्याला कळलं असतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोघांवर एकच वेळ टाकली. दहा बेचाळीस. फरकच पुसला. मग डिसेंबरात मुकादमाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, सगळं ताजं आहे. त्याने खोटं सांगितलं नाही. त्याला तसंच दिसत होतं.

आणि जानेवारीत तुम्ही विचारलंत तेव्हा मी काय केलं? मी लिखाण वाचलं. कागद काढून बघितला नाही. दोन मिनिटं लागली असती. मीही तारखाच बघितल्या, आणि त्यातली एक मीच टाकलेली होती.

साहेबांना सांगितलं. म्हणाले, पुस्तक अजून बाहेर गेलेलं नाही, म्हणजे काही झालेलं नाही. चूक काढा, तो कागद फाडून टाका आणि फायलींवर पुन्हा मुहूर्ताची तारीख टाका, म्हणजे पहिल्यापासून बरोबर होतं असं दिसेल. मी म्हटलं, ते मी करणार नाही. लिखाणाला पुन्हा हात लावून मेक चालवलं तेव्हा त्याने तो तुकडा नव्याने केला, त्यावर २८ फेब्रुवारी आहे, तीच राहील. त्यांनी दुसऱ्या कुणाकडून करून घेतलं तर घेतलं. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. कामंही देत नाहीत. मी येते आणि बसते.

तो चुकीचा कागद मी फाडलेला नाही. पिशवीत आहे. त्याचं काय करू?

मला रडू येत नाही, आप्पामामा. जेवण जातं, झोपही लागते. हे बरोबर आहे का?

विमल


पावस
११ मार्च १९८७

चि. विमल,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. मलाही येत नाही. तुझ्या मामीने काल माझ्या ताटात मीठ वाढलं नव्हतं, ते तिला जेवण संपल्यावर कळलं. मला कळलंच नाही. बरोबर की चूक ते माहीत नाही. असं आहे, एवढं खरं.

तू केलंस ते तू लिहिलंस. आता माझं ऐक. एका दिवसाचं तपासून मी कागद दिला. अष्टमी घेतली, कारण आठाची पाऊणपट सोपी जाते. प्रतिपदा घेतली असती तर सोळाची करावी लागली असती, तीही बाराच, अवघड नाही. पंचांग माझ्या डोक्यावर खुंटीला होतं. आणि दहा बेचाळीस हे मिनिट मी गंमत म्हणून दिलं होतं. तेव्हा ते आडून लिहिलं होतं, आता सरळ सांगितलेलं बरं.

काल कमिटी बोलावली. तुझं दोन मार्चचं पत्र वाचलं. मग सहा नोव्हेंबरचं काढलं, पाकिटासकट, पोस्टाचा शिक्का दाखवला. चूक दुरुस्त केल्याचं आणि तारखा सारख्या केल्याचं त्यात दोन्ही आहे, आणि शिक्क्याची तारीख कुणाला बदलता येत नाही. एकाने विचारलं, "मुहूर्त काढलान् कोणी?" मी म्हटलं, मी.  बाहेर कुणीतरी जाळं झटकत होतं, ते ऐकू येत होतं.

चिटणीस माणूस चांगला आहे. म्हणाला, "मास्तर, आपण असं करू. जुन्या ठरावाखाली दोन बोटं जागा आहे. तिथेच लिहा, तारीख फेब्रुवारीचीच घाला. तुमचंच अक्षर, तुमचीच सही. पहिल्यापासून बरोबर होतं असं दिसेल, कुणाच्या डोळ्यावर येणार नाही." अगदी तुझ्या साहेबांचे शब्द. दोघांची ओळख नसावी.

मी त्यांना तुझा मुकादम समजावून सांगितला. लोणच्याच्या बरण्या घेऊन. म्हटलं, जुनी तारीख टाकली तर ठराव बरोबर होईल, पण त्या ठरावावरून जे जे झालं ते तसंच राहील. बाबल्याला होडीवर घेत नाहीत, ते तसंच राहील. बंदरावर बायका बोलतात, ते तसंच. कुणाला कळणारच नाही की पुन्हा काही करायचं आहे. सगळ्यांना दिसेल, सगळं ताजं आहे. म्हणून नवं पान घेतलं. १० मार्च १९८७. 'काशीराम याने कोष्टक बरोबर वाचले होते. कोष्टक चुकीचे होते. तपासणी न करता ते त्याला देणारा व पुढे त्याच्याविरुद्ध ठराव लिहिणारा मी.' जुन्या पानाला हात लावला नाही. तेही आहे तसं राहू दे.

चिटणिसाने सही केली. बाकीच्यांनीही केल्या, सावकाश. निघताना त्यातल्या एकाने बाहेर उभ्या बाबल्याला हाक मारली, उद्या होडीवर ये म्हणाला.

मग गुणवंतीकडे गेलो. वही बरोबर नेली होती. वाचून दाखवलं. म्हणाली, "तारीख वाचा." वाचली. "मागलीच?" म्हटलं, नाही, आजची. तेव्हा म्हणाली, "म्हंजे त्यांनी वाचलानी तसंच होतं." मी म्हटलं, हो, तसंच होतं. तिने आत जाऊन पाणी आणून दिलं. मी ते प्यायलो. मी उठताना म्हणाली, "मास्तर, तो कागद मिळंल काय परत?"

मी म्हटलं, बरोबर केलेला पाठवायला सांगतो. ती म्हणाली, "तो नको. चुकलेला होता तोच द्या."

तिला वाचता येत नाही. पण कुठल्या रांगेवर बोट ठेवायचं ते बाबल्या दाखवेल म्हणाली.

तेव्हा पिशवीतला कागद पाठव. नीट कर, सरळ कर असं काही करू नकोस. त्यावर जी तारीख पडली असेल तीच असू दे. कडेची भोकंही फाडू नकोस. काशीरामने फाडली नव्हती.

आप्पा